क्लच आधी की ब्रेक आधी? (घाटात गाडी चालवणाऱ्या सातारकरांनी जरूर लिहा)

शाहूपुरीची_सून

नमस्कार मंडळी. चारचाकीचं लायसन्स हातात आलं, गाडीही दारात आली (सेकंडहँड, पेट्रोल, पाच गिअर) आणि घरात दोन पक्ष पडले.

ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी शिकवलं की थांबायचं असलं की क्लच आणि ब्रेक एकदम दाबायचे, आणि एरवीही डावा पाय क्लचवर 'तयार' ठेवायचा. सासरे म्हणतात हा निव्वळ येडेपणा आहे, आधी ब्रेक, क्लच अगदी शेवटी. सासऱ्यांचं ऐकावं तर पोवई नाक्यावर गाडी दोन गचके खाते आणि बंद पडते. मागून हॉर्न. सरांचं ऐकावं तर गाडी बंद पडत नाही, पण पुढच्या गाडीजवळ जाताना ती मोकळीच सुटल्यासारखी वाटते.

खरी काळजी वेगळीच आहे. माहेर पांचगणीला. म्हणजे वाईच्या पुढे पसरणी घाट आलाच. चढायचं एक वेळ जमेल, उतरायचं कसं? आमचे हे म्हणतात, उतरताना न्यूट्रल टाक, पेट्रोल वाचतं. हे ऐकून सासरे ताटावरून उठायचे बाकी होते.

जाणकारांनी सांगावं. 'ऑटोमॅटिक घ्या' हा सल्ला कृपया नको, गाडी घेऊन झालीय.

दर_शनिवारी_खंबाटकी

ऑटोमॅटिक घ्या. (पळतो.)

बरं, आलो परत. तुमच्या मिस्टरांच्या बाजूने एक मत टाका. उतारावर गाडी आपोआप पळत असताना इंजिन कशाला जाळायचं? साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी घाटातला बोगदा सुटला की मी न्यूट्रल करतो, गाडी सुतासारखी खंडाळ्याच्या अंगाला उतरते. अॅव्हरेज झकास पडतं. ब्रेक आहेतच की.

गॅरेजवाला_कोडोली

ताई, सासऱ्यांना आपला रामराम सांगा.

आधी सरांची बाजू घेतो, कारण ते मुद्दाम चुकीचं शिकवत नाहीत. नवा माणूस गाडी बंद पाडतो, मागचे हॉर्न मारतात, तो घाबरतो आणि त्या दिवसाचा धडा तिथंच संपतो. 'दोन्ही दाबा' म्हटलं की गाडी बंद पडत नाही. शिवाय शिकवणीच्या गाडीत सरांच्या पायाखालीही पेडल असतात, त्यामुळं त्यांना धास्ती नसते. सदर बझारच्या गल्लीत पंधरा-वीसच्या वेगाला ह्यानं काही बिघडत नाही. अडचण अशी की तीच सवय घेऊन माणूस हायवेला लागतो.

आता क्लचवर पाय टेकवून बसण्याबद्दल. मागे एक हॅचबॅक आली होती, कासला फुलं बघून परतलेली. चौथ्या गिअरात रेस दिली की इंजिन ओरडायचं, गाडी मात्र पुढं रेटायची नाही. गिअरबॉक्स उतरवला. क्लच प्लेटचं अस्तर रिवेटपर्यंत घासलेलं. रिवेटच्या डोक्यांनी फ्लायव्हीलवर (इंजिनाचं जड चाक, प्लेट त्यालाच चिकटते) गोल गोल चरे पाडलेले, नखाला लागतील एवढे खोल. प्रेशर प्लेटवर निळे-जांभळे डाग, म्हणजे धातू तापून रंग बदललेला. आत सगळी काळी पूड, आणि तो जळका वास. मालक म्हणाले, "मी क्लच दाबतच नाही फारसा." खरंच होतं. दाबत नव्हते, नुसता पाय ठेवून बसत होते. पायाच्या वजनानं पेडल थोडं जरी खाली गेलं तरी प्लेटवरची पकड ढिली होते, प्लेट घसरते आणि घसरली की तापते. रिलीज बेअरिंगही फुकट फिरत राहतं ते वेगळं.

डाव्या पायाला क्लचच्या डावीकडं जागा असते. बऱ्याच गाड्यांत तिथं पाय ठेवायला वेगळा कट्टाच दिलेला असतो. काम झालं की पाय तिकडं. सिग्नल लांबलचक असेल तर न्यूट्रल, हँडब्रेक आणि क्लचवरून पाय काढून निवांत. पहिला गिअर टाकून क्लच दाबून ताटकळत बसू नका.

दुसरा_गिअर

धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाचं उत्तर वेगावर अवलंबून आहे. म्हणून सासरेही बरोबर आणि सरही थोडेफार बरोबर.

क्लच गाडी थांबवत नाही. तो फक्त इंजिन आणि चाकं यांची फारकत करतो. गाडी गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतः चाकांना मागे ओढतं, याला आपण इंजिन ब्रेकिंग म्हणतो. तुम्ही आधी क्लच दाबलात की ही मदत गेली, सगळा भार एकट्या ब्रेकवर. 'गाडी मोकळी सुटल्यासारखी वाटते' असं तुम्ही लिहिलंय ना, ते वाटणं नाही, तसंच घडतंय.

मग गाडी बंद का पडते? कारण 'आधी ब्रेक' एवढंच ऐकलं गेलं आणि 'मग क्लच' फार उशिरा आला. समजा तिसऱ्या गिअरात ४० ने चाललाय आणि पुढे सिग्नल आहे. अॅक्सिलरेटर सोडा, ब्रेक हळूहळू वाढवत न्या. वेग वीसच्या जवळ येतो, आरपीएमचा काटा हजाराच्या आसपास उतरतो, इंजिनाचा आवाज जड होऊ लागतो. तो क्लचचा क्षण. गचका बसायच्या आधी, पण त्याच्या फार आधी नाही. चौथ्या गिअरात हा क्षण जास्त वेगाला येईल, दुसऱ्यात कमी वेगाला. आठवडाभर कानाने चालवा, स्पीडोमीटरकडे बघावं लागणार नाही.

आणि पहिल्या गिअरात मुंगीच्या पावलाने चालला असाल, म्हणजे राजवाड्याजवळची संध्याकाळची गर्दी, तर क्लच आणि ब्रेक जवळजवळ एकत्रच दाबावे लागतात. तिथं इंजिन आधीच तळाच्या वेगाला असतं, शिल्लक राहिलेलं इंजिन ब्रेकिंग नसतंच. सरांनी शिकवलेला नियम या वेगाचा आहे. तो सगळीकडे लावला की घोळ होतो.

खंबाटकीवाले, तुमच्याशी वेगळं बोलतो.

दर_शनिवारी_खंबाटकी

बोला की! वडिलांची फियाट होती, तेही उतारावर न्यूट्रलच करायचे. त्यांना काय कळत नव्हतं का?

दुसरा_गिअर

कळत होतं, त्यांच्या गाडीपुरतं. फियाटला कार्बुरेटर होता. गिअरमध्ये उतरताना इंजिनाचे फेरे वाढलेले असायचे आणि ते पेट्रोल ओढतच राहायचं. म्हणून ती समजूत रुजली, आणि पैशापुरती तेव्हा ती अगदीच चूक नव्हती.

आजच्या इंजेक्शनच्या गाडीत उलटं होतं. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला आणि फेरे पुरेसे असले, की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. इंजिनाला चाकंच फिरवत असतात, इंधन लागत नाही. न्यूट्रल केलंत की इंजिनाला स्वतःच्या जीवावर फिरावं लागतं, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सुरू. थोडक्यात, तुम्ही वाचवायला जाता आणि जाळता. काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर त्या क्षणाचं अॅव्हरेज दिसतं. पुढच्या शनिवारी शेजारी बसलेल्या माणसाला बघायला सांगा, तुम्ही रस्त्याकडे बघा.

आणि जागा तरी कुठली निवडलीत! बोगद्यानंतरचं ते एस वळण अपघातांसाठीच ओळखलं जातं. तिथं न्यूट्रल?

दर_शनिवारी_खंबाटकी

पेट्रोलचं मान्य, बघतो. पण माझे ब्रेक एकदम कडक आहेत हो.

एसटीतला_आबा

(आबा सांगतायत, नातू टाईप करतोय. आबांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून नोकरी केली, सातारा आणि नंतर महाबळेश्वर डेपो.)

खंबाटकीवाल्या भावा, कडक ब्रेक घाटाच्या वरच्या टोकाला असतात. खालच्या टोकाला पोचेपर्यंत किती उरले ते बघायचं असतं.

आमच्या टायमाला गाडीवर पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायचे. ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. केळघर असो, आंबेनळी असो, उतार सुरू व्हायच्या आधी गिअर पाडून घ्यायचा. उतारात शिरल्यावर, गाडीनं वेग घेतल्यावर गिअर शोधत बसायचं न्हाई. जुन्या गिअरबॉक्सला त्या वेगाला खालचा गिअर पडायचाच न्हाई, आणि न्यूट्रलमधी अडकला की संपलं. उतारावर न्यूट्रल म्हंजे बैलगाडीत बसून कासरा सोडून दिल्यावाणी हाय. बैल पळतायत तवर मजा वाटती.

दुसरं, ब्रेकवर पाय टेकवून घाटभर उतरायचं न्हाई. आमच्या गाडीला हवेचे ब्रेक. सारखं सारखं मारत बसलं की टाकीतली हवा उतरायची, काटा खाली यायचा. ड्रम तापायचे ते निराळं. गिअरनं गाडी धरायची. वेग वाढला वाटला की एकदा चांगला दाबून ब्रेक मारायचा, वेग पाडायचा, आणि पाय पूर्ण काढायचा. ब्रेकला वारं लागू दे. परत वाढला की परत. वळणाच्या आधी ब्रेक, वळणात न्हाई. आणि वळणात क्लच तर अजिबात न्हाई. क्लच दाबून वळलास की गाडी बाहेरच्या अंगाला जाती.

पोरी, तुझ्या सासऱ्यांचं वय काय? एसटीतले होते का?

शाहूपुरीची_सून

आबा, नमस्कार! एसटीतले नाहीत, पाटबंधारे खात्यात होते. पण जीप चालवायचे. हा धागा मी त्यांना वाचून दाखवतेय. सध्या घरात फार तोऱ्यात वावरतायत.

दुसरा_गिअर

आबांच्या मुद्द्याला थोडी आकडेमोड जोडतो. पांचगणीहून वाईला उतरताना आपण साधारण साडेपाचशे मीटर खाली येतो. माणसांसकट एक टनाची गाडी एवढी उतरली की सुमारे दीड युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. टायर आणि वाऱ्याने थोडी खाल्ली तरी उरलेली कुठंतरी जायला हवी. गिअरमध्ये असाल तर बराच वाटा इंजिन खातं. न्यूट्रलमध्ये असाल तर सगळी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये.

ब्रेक फार तापले की दोन गोष्टी होतात. एक, पॅडची पकड कमी होते. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. दुसरी जास्त वाईट. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ऑइल २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरलेलं ऑइल १५५ च्या आसपासही उकळू शकतं. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४०. उकळलं की पाइपात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा दाबला जातो, म्हणून पेडल स्पंजसारखं थेट खाली जातं.

तसं झालंच तर पेडल भराभर पंप करा, बऱ्याचदा थोडा दाब परत येतो. एकेक गिअर खाली आणा. हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम खेचला तर मागची चाकं अडकून गाडी फिरेल. इंजिन बंद करू नका, स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदतही जाते. अगदीच नाइलाज झाला तर दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला घासत घ्या.

गॅरेजवाला_कोडोली

वरच्यात भर. जळका वास आला किंवा चाकातून धूर दिसला तर रुंद जागा बघून थांबा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाण्याची बाटली ओतणारे महाभाग दर सीझनला भेटतात. डिस्क वाकडी होते, मग ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं आणि माझ्याकडं येऊन म्हणतात, अलाइनमेंट करून द्या.

कृष्णाकाठ_सांगली

तुमचं घाटपुराण वाचून हेवा वाटला. आमच्याकडं सगळं सपाट. पण सांगली-मिरज पट्ट्यात वेगळीच परीक्षा असते. ऊस. कारखाने सुरू झाले की रात्री अंधारात डबल ट्रॉली, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला. समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यावर असताना ती ट्रॉली जवळ येईपर्यंत दिसतच नाही. अशा वेळी क्लच-ब्रेकचा क्रम लावत बसायला वेळ कुठं असतो? माझा मेव्हणा म्हणतो, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असलं की काय बी होत नाही.

दुसरा_गिअर

खरी आणीबाणी असेल तर क्रम विसरा. ब्रेक जेवढा जोरात मारता येईल तेवढा मारा. डावा पाय त्याच वेळी क्लचवर आदळला तरी हरकत नाही, कारण एवढ्या जोराच्या ब्रेकिंगमध्ये इंजिनाची मदत नगण्य असते. चालू राहिलेलं इंजिन बरंच, लगेच गाडी बाजूला काढता येते. फक्त उजवा पाय डाव्याची वाट बघत थांबता कामा नये. ज्याला 'आधी क्लच'ची सवय असते त्याचं नेमकं हेच होतं.

एबीएस असेल तर पेडल पायाखाली धडधडतं, करकर आवाज येतो. बरेच जण दचकून पाय काढतात. काढू नका, दाबून धरा आणि स्टिअरिंगने वाट काढा. एबीएसचा मुख्य उपयोग तोच आहे, चाकं अडकत नाहीत म्हणून गाडी वळते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. त्याआधीची गाडी असेल तर चावी फिरवल्यावर एबीएसचा पिवळा दिवा लागून विझतो का बघा. दिवाच लागत नसेल तर बहुधा एबीएस नाही. मग चाकं अडकून घसरायला लागली की ब्रेक किंचित सोडून परत दाबायचा.

आता मेव्हण्यासाठी. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ट्रॉली दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद धरा, २२ मीटर गेले. पुढे कोरड्या डांबरावर, चांगल्या टायरवर, आणखी ३५ ते ४०. म्हणजे साठ मीटर. लो बीमचा कामाचा उजेड ४०-५० मीटर. एबीएस ट्रॉलीला पुढे ढकलत नाही. वेग ४० असेल तर सगळं मिळून वीस-एकवीस मीटरमध्ये थांबता. वेग निम्मा झाला की ब्रेकचं अंतर चौथाईवर येतं. ओल्या रस्त्यावर ८० चं नुसतं ब्रेकचं अंतरच साठच्या पुढे जाऊ शकतं. आणि बारीक खडीवर एबीएसनेही अंतर वाढतं, हे त्यांना मुद्दाम सांगा.

कृष्णाकाठ_सांगली

सांगतो. ऐकणार नाही, पण सांगतो.

कायद्याचं_बोला

थोडं विषयाला धरून. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १५ वाचा. लायसन्सच्या परीक्षेत उमेदवाराला काय काय आलं पाहिजे त्याची यादी आहे. उतारावर चटकन खालच्या गिअरात येता यावं, आणि उभ्या चढावर गाडी थांबवून, हँडब्रेक किंवा अॅक्सिलरेटर-ब्रेक नीट वापरून, मागं न घरंगळता पुन्हा निघता यावं, हे दोन्ही त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे धागाकर्तीच्या यजमानांचं न्यूट्रल नियमातच नापास.

माझ्या परीक्षेचं मैदान सपाट होतं, एवढंच नोंदवतो.

वाईकर_पसरणी

पसरणीचा म्हणून लिहितो. घाट तसा सोपा आहे, रस्ता रुंद आहे. त्रास माणसांचा. शनिवार-रविवार फोटोसाठी वळणावर गाड्या थांबतात, कुणीही कुठूनही ओव्हरटेक करतं. पावसाळ्यात धुकं असं उतरतं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही. त्या वेळी फॉग लाइट, डिपर, दुसरा गिअर आणि पांढरा पट्टा धरून चला. हाय बीम लावलात तर समोर पांढरी भिंत दिसेल. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, वळताना कुठं वळताय ते मागच्याला कळत नाही.

पहिल्या पावसात जास्त जपा. डांबरावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडा थर होतो. तिथं खालचा गिअर टाकून क्लच फटकन सोडला तरी चाकं क्षणभर अडकल्यासारखी होतात. आधी ब्रेकनं वेग पाडा, मग गिअर, मग क्लच सावकाश.

आणि अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. नियमही तोच आहे आणि शहाणपणही. चढावर थांबलेल्याला परत निघणं जड जातं.

शाहूपुरीची_सून

> चढावर थांबलेल्याला परत निघणं जड जातं.

हेच विचारणार होते! समर्थ मंदिराच्या चढावर थांबले की मागची रिक्षा इतकी जवळ येते की घाम फुटतो. ब्रेकवरून पाय काढून अॅक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे. मैत्रीण म्हणते हाफ क्लचवर (क्लच अर्धा सोडून) धरून ठेव. तसं करू का? आणि चालवताना पायात काय घालावं?

एसटीतला_आबा

हाफ क्लचवर गाडी धरून उभं ऱ्हायचं न्हाई. वर कोडोलीवाल्यानं निळे डाग सांगितले ते त्याचेच. कासच्या सीझनला यवतेश्वराच्या घाटात गाड्यांची रांग लागती, तवा तो जळका वास कुणाच्या गाडीचा ते बघायला लागत न्हाई. सगळ्यांचाच.

हँडब्रेक वढ. पहिला गिअर टाक. थोडी रेस दे, लई न्हाई. क्लच हळूहळू सोड. एका जागी आल्यावर इंजिनाचा आवाज बसंल आणि बोनेट किंचित उचलल्यावाणी वाटंल. तिथं पाय थांबव, पुढं सोडू नको. आता गाडी पुढं जायला बघती आणि हँडब्रेकनं धरलीया. मग हँडब्रेक खाली कर, थोडी रेस वाढव, गाडी सरळ निघती. मागं एक इंच येत न्हाई. घाई करायची न्हाई, हॉर्न वाजवणाऱ्याला वाजवू दे. त्याची गाडी तुझ्या मागं हाय, दरी न्हाई.

आधी रिकाम्या, बारक्या चढावर कर. घरच्या कुणाला शेजारी बसव. सासऱ्यांना बसव, खूश होतील.

गॅरेजवाला_कोडोली

पायात काय, तर मागं पट्टा असलेली, सपाट, पातळ तळव्याची चप्पल किंवा बूट. टाच उंच नको, सुटी स्लीपर नको, ती पेडलखाली दुमडते. सीट एवढी पुढं घ्या की क्लच तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट मागं असली की पाय पुरत नाही, क्लच अर्धाच दबतो, गिअर करकरतात आणि लोक गिअरबॉक्सला शिव्या देतात.

पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी कधीच नको. उतारावर ब्रेक मारला की बाटली पुढं घरंगळते आणि ब्रेक पेडलखाली जाऊन बसते. मग पेडल दबतच नाही. गाडीत आणखी एखादं जास्तीचं रबर मॅट टाकलं असेल तर ते पुढं सरकतं का तेही बघा.

दर_शनिवारी_खंबाटकी

बोगद्यानंतर तिसऱ्या गिअरात उतरलो. बायको डॅशबोर्ड बघत होती. पाय काढल्यावर अॅव्हरेजचा पट्टा शेवटच्या टोकाला गेला आणि तिथंच राहिला. न्यूट्रलमध्ये मात्र पट्टा मागे यायचा. बायको म्हणाली, इतकी वर्षं काय करत होतास. बोलणं बंद आहे. माझं मत मागे घेतो, मिस्टरांनी आपलं बघावं.

बाकी हिल होल्ड असलेली गाडी घेतली असती तर हँडब्रेकची एवढी कसरतच नको. आता नव्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये येतं. त्यात पण कुठली चांगली तर

संपादक

'कुठली गाडी चांगली' साठी वेगळा धागा आहे. इथं नको, तो आधीच सहाशे प्रतिसादांवर गेलाय.

दुसरा_गिअर

हिल होल्डबद्दल एवढंच, की ब्रेक सोडल्यावर ते गाडी साधारण दोन सेकंद धरतं, मग सोडतं. दोन सेकंदांत क्लच जागेवर आणता येणाऱ्यालाच त्याचा फायदा. हँडब्रेकची कसरत चुकत नाही.

शाहूपुरीची_सून

रविवारी सासरे आणि मी सकाळी लवकर साताऱ्यातल्या बोगद्याच्या (खंबाटकीचा नव्हे) पुढच्या रस्त्यावर गेलो होतो. आबा, बोनेट खरंच उचललं! नंतर सासऱ्यांनी स्वतः करून दाखवायला घेतलं आणि गाडी बंद पाडली. हे घरी बोलायचं नाही असं ठरलंय, म्हणून इथं लिहितेय.

एक शेवटचा प्रश्न. आमच्या घरासमोर उतार आहे. रात्रभर गाडी लावताना हँडब्रेक पुरेसा आहे का?

गॅरेजवाला_कोडोली

नुसत्या हँडब्रेकवर भरवसा नको, केबल ताणली जाते. गाडीचं तोंड उताराकडं असेल तर हँडब्रेक आणि रिव्हर्स गिअर, चढाकडं असेल तर हँडब्रेक आणि पहिला. चाकं अशी वळवून ठेवा की सुटलीच तर गाडी रस्त्यात न जाता कट्ट्याला टेकेल. सकाळी चावी मारायच्या आधी क्लच दाबायला विसरू नका, गाडी गिअरमध्ये असते.

आता माझा प्रश्न. गाडी सेकंडहँड म्हणालात. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय?

शाहूपुरीची_सून

आधीच्या मालकांनी सर्व्हिसिंगची बिलं दिलीयत. इंजिन ऑइल, फिल्टर, एसीचा गॅस सगळं आहे. ब्रेक ऑइल कुठंच दिसत नाही. बोनेट उघडून बघितलं तर त्या छोट्या डबीतलं तेल चहाच्या रंगाचं आहे.

गॅरेजवाला_कोडोली

नवं ऑइल फिकट पिवळसर, जवळजवळ पारदर्शक असतं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी कमी चाललेली असली तरी, कारण पाणी दिवसांवर मुरतं, किलोमीटरवर नाही. तुमचं बदलायला झालंय. पसरणीला जाण्याआधी बदला, चारी चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घ्या आणि त्याच वेळी पॅड किती उरलेत तेही बघायला सांगा. डबीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ ते लिहिलेलं असतं, तेच टाका. वरून नुसतं भरून घेऊ नका.

दर_शनिवारी_खंबाटकी

माझंही बघितलं. काळं आहे. कोडोलीत नेमकं कुठं हो तुमचं गॅरेज?

गॅरेजवाला_कोडोली

धाग्यावर जाहिरात केली की संपादक रागावतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. येताना गिअरमध्ये या.